शांतीची हाक कोणाला? गोव्याच्या सरहद्दीवरून एक पाठ

शास्त्रवाचन : यिर्मया ६:९-१५, लूक १९:४१-४४, मत्तय ५:१-१२.
(मोठ्या मुलांचे वर्ग, तरुण संघ व महिला मंडळ यांच्यासाठी. एका बैठकीत हा पाठ पुरा होणार नाही. दोन रविवार घ्यावेत.)



जगात कोठे लढाई पेटली की आपल्या मंडळ्यांतून शांतीसाठी प्रार्थना होते. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढते, सर्वजण आमेन म्हणतात आणि पुढचे गीत सुरू होते. अशी प्रार्थना करू नये असे कोण म्हणेल? परंतु या पाठात आपल्याला एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. मंडळी शांतीची हाक देते तेव्हा ती कोणाच्या कानी पडावी अशी तिची इच्छा असते? पलीकडच्या शत्रूच्या, की बंदूक हाती घेतलेल्या आपल्याच माणसाच्या?

हा प्रश्न दूरच्या देशाचे उदाहरण घेऊन शिकवणे सोपे असते, कारण तेथे आपल्याला काही द्यावे लागत नाही. म्हणून मुद्दाम जवळचा प्रसंग घेतो. बांद्याहून गोव्यात उतरताना पत्रादेवी लागते आणि पेडणे तालुका सुरू होतो. पूर्वेकडून दोडामार्गाच्या वाटेने गेले की डिचोली तालुका. या वाटांनी आपण आज बाजाराला, लग्नाला, आजारी नातलगाला भेटायला सहज जातो-येतो. डिसेंबर १९६१ पर्यंत ही परदेशाची हद्द होती.

दिल्लीतली परिषद आणि तेरा दिवस

ख्रिस्ती माणसाने विसरू नये असा एक योगायोग येथे आहे. १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६१ या काळात जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन आपल्या देशात, नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात भरले होते. येशू ख्रिस्त जगाचा प्रकाश आहे, हा अधिवेशनाचा विषय होता. रशियाची ऑर्थोडॉक्स मंडळी याच वेळी परिषदेत आली. पंतप्रधान नेहरूंनी प्रतिनिधींपुढे भाषण केले. शस्त्रांची चढाओढ थांबवावी, वाटाघाटीचा मार्ग सोडू नये, अशा आशयाचे आवाहन परिषदेने जगातील सर्व सरकारांना व लोकांना उद्देशून काढले.

प्रतिनिधी आपापल्या देशी परतले, आणि परिषद संपल्याला तेरा दिवस होतात तोच भारतीय सेना गोव्यात शिरली. १७ डिसेंबरचा रविवार हा आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. सोमवारी, १८ तारखेला, पहाटे चारच्या सुमारास डिचोली तालुक्यातील मावळिंगे येथील पोर्तुगीज ठाण्याच्या रोखाने तोफा सुरू झाल्या. साडेचारपर्यंत डिचोली माऱ्याखाली होती. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैनिकांनी डिचोलीचा पूल उडवला. त्यानंतर थोड्याच वेळात अस्नोड्याचा, आणि पेडणे व बारदेश यांना जोडणारा शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूलही. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती लिहून दिली. ख्रिस्तजयंतीला सहा दिवस उरले होते.

लढाई दोन दिवसांची झाली. भारताचे २२ व पोर्तुगालचे ३० सैनिक मेले, दोन्हीकडचे मिळून शंभरावर जखमी झाले. एवढ्यावर ती थांबली यामागे एका माणसाने न पाळलेला हुकूम आहे. पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांनी १४ डिसेंबरला लिस्बनहून कळवले होते की तह नको, शरण जाणे नको. आमचे सैनिक विजयी तरी असतील किंवा मेलेले तरी. गव्हर्नरने हे ऐकले नाही. लढून काही मिळणार नाही आणि माणसे मात्र मरतील, हे त्यांना दिसत होते. त्याबद्दल मायदेशी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढण्यात आले. १९७४ साली तेथील हुकूमशाही कोसळल्यावर त्यांचा हुद्दा परत मिळाला. वर्गात हा भाग सांगताना घाई करू नका. मुलांना शूर सेनापती ठाऊक असतात. शरण जाण्यालाही धैर्य लागते, हे त्यांनी क्वचितच ऐकलेले असते.

मंडळीने काय म्हटले होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तोफा सुरू झाल्या त्या दिवशी शांती म्हणणे सोपे होते. त्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रसंघाचे ऊ थांट यांनीही दोन्ही सरकारांना संयम ठेवण्याविषयी लिहिले. पण गोव्यातील बंदुका १९६१ साली प्रथम सुटल्या नव्हत्या.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी अल्फ्रेड अफोन्सो यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींनी पेडणे तालुक्याच्या टोकाला असलेल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला आणि अटक पत्करली. हा मनुष्य गोव्याचा ख्रिस्ती होता, आणि ज्या किल्ल्यावर तो चढला त्याच्या अंगणात संत अंतोनीचे देऊळ आहे. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी हद्द ओलांडून गेले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसे त्या दिवशी मेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल पडले; मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. आज पत्रादेवीला जे हुतात्मा स्मारक आहे ते याच प्रसंगाचे.

त्या दिवशी शांतीची हाक कोणी कोणाला द्यायला हवी होती? सत्याग्रहींच्या हाती शस्त्र नव्हते. शस्त्र ज्यांच्या हाती होते ते बहुतेक ख्रिस्ती होते, रविवारी मिस्सेला जाणारे होते, आणि त्यांचे सरकार आपण पूर्वेत ख्रिस्ती धर्माचे रक्षण करीत आहोत असे जगाला सांगत होते. गोव्याचे आर्चबिशप होझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ हे पोर्तुगालच्या अझोर बेटांतून आलेले होते. सरकार आणि धर्मसत्ता यांची गाठ जुन्या काळापासून घट्ट होती, आणि १९४० च्या करारांनी पोर्तुगालने रोमशी ती नव्याने बांधून घेतली होती. अशा ठिकाणाहून निघालेला शांतीचा शब्द पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याला कसा ऐकू गेला असता? त्याला तो जैसे थे राहू द्या असाच ऐकू गेला असता.

डिचोलीच्या माणसाला आणखीही काही आठवत होते. त्याच तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते पाडले, भक्तांनी देव नदी ओलांडून आणला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या शेवटी आले, म्हणून सक्तीच्या धर्मांतराची झळ त्यांना तेवढी लागली नाही. पण आठवण हद्द ओलांडून येतेच. क्रूस दाखवणाऱ्याच्या हाती पूर्वी काय होते, हे ऐकणारा विसरत नाही. आपण सुवार्ता सांगायला जातो तेव्हा हे ओझे आपल्याही पाठीवर असते. कॅथॉलिकांचे ते, आमचे नव्हे, असे म्हणून ते उतरत नाही.

आपण प्रॉटेस्टंट आहोत म्हणून बोट दाखवायचे कारण तर मुळीच नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनरी आपल्या अहमदनगरच्या छावणीत कैद करून ठेवले होते. जे कालपर्यंत एकाच प्रभूचे सेवक होते ते राजांच्या भांडणात एकमेकांचे शत्रू ठरले. इंग्लंडच्या मंडळ्यांत इंग्लंडच्या जयासाठी आणि जर्मनीच्या मंडळ्यांत जर्मनीच्या जयासाठी प्रार्थना चालल्या होत्या.

तरीही काहींनी योग्य कानात योग्य शब्द घातला, हेही सांगितले पाहिजे. जुलै १९५५ मध्ये, पत्रादेवीच्या गोळीबाराच्या महिनाभर आधी, नेहरू रोमला जाऊन पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य असल्याचे त्यांनी भेटीनंतर सांगितले. पोर्तुगालच्या हातातील मोठी ढाल त्यामुळे गळाली. खुद्द पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराचे बिशप आंतोनियो फेरेरा गोमेस यांनी १९५८ साली सालाझारना पत्र लिहून राज्यकारभारावर स्पष्ट टीका केली. त्यांना दहा वर्षे देशाबाहेर राहावे लागले. गोव्याच्या जनतेत पाहिले तर पीटर आल्वारिस, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, डॉ. ज्युलियाव मिनेझिस अशी ख्रिस्ती घरांतली माणसे मुक्तीच्या चळवळीत पुढे होती. त्याहून मागे गेले तर १७८७ च्या पिंटो कटात गोव्याचे पाद्रीच होते. म्हणून गोव्याचा ख्रिस्ती माणूस कोणाच्या बाजूचा, असा प्रश्न कोणी खोचून विचारला तर ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असावीत.

शास्त्र काय म्हणते

यिर्मयाचा सहावा अध्याय वाचून पाहा. देवाचा राग तेथे कोणावर आहे? आक्रमण करणाऱ्या उत्तरेकडच्या राष्ट्राविषयी अध्यायात पुष्कळ आहे, पण तेराव्या व चौदाव्या वचनांत ठपका संदेष्ट्यांवर आणि याजकांवर आहे, म्हणजे मंदिरातल्या माणसांवर. लोकांची जखम खोल आहे आणि हे वरवर पट्टी बांधून सारे कुशल आहे असे सांगत सुटले आहेत. शांती हा शब्द त्यांच्या तोंडी आहे; देवाला त्याचाच वीट आला आहे. यिर्मया हे बाबेलला जाऊन बोलला नाही. तो यरुशलेमेत, आपल्याच याजकांसमोर बोलला आणि त्यासाठी मार, खोडे व चिखलाची विहीर भोगली.

आता लूक १९. जैतुनाच्या डोंगरावरून उतरताना प्रभूला नगर दिसते आणि तो रडतो. नगराला त्याच्या शांतीच्या गोष्टी कळल्या नाहीत, असे तो म्हणतो. रोमी सैन्य तेथे होते, वधस्तंभ रोमचा होता, कर रोमचा होता. प्रभूला रोमविरुद्ध बोलायला जागा पुष्कळ होती. पण त्याचे अश्रू आपल्याच लोकांच्या नगरासाठी आहेत, आणि शब्दही त्यालाच आहेत. वर्गात विचारा: आपल्या गावासाठी, आपल्या जातभाईंसाठी, आपल्या पक्षासाठी आपण असे कधी रडलो आहोत काय? दुसऱ्याच्या नगरासाठी रडणे त्या मानाने फार स्वस्त असते.

डोंगरावरील प्रवचनातील सातव्या धन्यवादाविषयी थोडेसे. तेथील मूळ ग्रीक शब्द एइरेनोपोइओस हा शांती आणि करणे या दोन शब्दांचा जोड आहे, आणि सबंध नव्या करारात तो या एकाच ठिकाणी येतो. शांती पाळणारा, शांत बसणारा, भांडणातून अंग काढून घेणारा असा त्याचा अर्थ होत नाही. जी नाही ती निर्माण करणारा, असा होतो. इब्री शब्द शालोम याच्या मूळ धातूत तर देणे फेडणे हाही अर्थ आहे. आपल्याकडे वाण्याची उधारी थकली की त्याच्या दुकानावरून मान खाली घालून जावे लागते. पैसे फेडले की बोलणे मोकळे होते. शालोम म्हणजे तसे काहीसे. ज्याचे देणे थकले आहे त्याने शांत राहू या म्हणणे, आणि ज्याचे येणे आहे त्याने म्हणणे, यांत फरक आहे. पोर्तुगालकडे गोव्याच्या लोकांचे येणे थकले होते.

मग भारताने शस्त्र उचलले ते योग्य झाले काय? हा प्रश्न वर्गात येईलच, टाळू नका. चौदा वर्षे वाट पाहिली, बोलणी झाली नाहीत, निःशस्त्र माणसे मारली गेली, असे एक बाजू सांगते. राजगोपालाचारींसारख्या देशभक्ताने मात्र त्याच वेळी उघड टीका केली होती की अहिंसेचा उपदेश करणाऱ्या देशाने हे करायला नको होते. माझे मत असे की गोवा मुक्त होणे न्यायाचे होते, आणि त्या दोन दिवसांत मेलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब तरीही देवाजवळ आहे. दोन्ही वाक्ये एकत्र धरणे कठीण जाते. शिक्षकांनी त्यातले एक सोडून देऊ नये.

फोंड्याची छावणी

युद्ध संपल्यावरचा एक प्रसंग फार थोड्यांना ठाऊक आहे. शरण आलेल्या साडेचार हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांना छावण्यांत ठेवले होते. सालाझारना ते परत घेण्याची घाई नव्हती. १९ मार्च १९६२ रोजी फोंड्याच्या छावणीतून काही कैद्यांनी पळण्याचा प्रयत्न केला आणि वातावरण एकदम तापले; प्रसंग कैद्यांच्या अधिकाऱ्यांच्या जिवावर येण्याइतका चिघळला. तेव्हा फेरेरा दा सिल्वा नावाचे जेझुइट लष्करी पाद्री मध्ये पडले आणि त्यांच्या मध्यस्थीने रक्तपात टळला. ते स्वतः पोर्तुगीजच होते. मे महिन्यात कैदी मायदेशी गेले. धर्मसभेचे ठराव पुष्कळ निघाले असतील. या एका पाद्र्याने दोन सैन्यांच्या मध्ये जाऊन जे केले ते मत्तय ५:९ शिकवायला मला जास्त उपयोगी पडते.

आणखी दोन उदाहरणे

नागालँडमध्ये भूमिगत लढवय्ये आणि भारतीय सेना यांच्यात वर्षानुवर्षे रक्त सांडत होते. १९६४ च्या फेब्रुवारीत वोखा येथे बॅप्टिस्ट मंडळ्यांचे अधिवेशन भरले आणि त्यातून शांती मंडळ उभे राहिले. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलप्रसाद चलिहा आणि इंग्लंडचे पाळक मायकेल स्कॉट हे त्याचे सभासद. ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धविराम झाला. पुढे बोलणी फिसकटली हे खरे. परंतु रानातला लढवय्याही बॅप्टिस्टच होता, आणि त्याच्याशी बोलायला त्याचीच मंडळी गेली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण मोझांबिकचे. हा देश १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालवला जाई, आणि पुढेही तेथे गोव्याची पुष्कळ कुटुंबे होती. गोवा गेल्याचा राग पोर्तुगालने तेथील भारतीयांवर काढला. कित्येकांना छावण्यांत टाकून देशाबाहेर घालवले. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि लवकरच तेथे यादवी पेटली. ती १९९२ पर्यंत चालली. सुमारे दहा लाख माणसे लढाईने, उपासमारीने, रोगराईने मेली असे सांगतात. या काळात प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या परिषदेने आपल्याच सरकारला, बंडखोरांशी बोला, असे सांगितले. बंडखोरांना डाकू म्हणणाऱ्या सरकारला हे मुळीच आवडणारे नव्हते. पुढे परवानगी मिळाल्यावर अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने व कॅथॉलिक आर्चबिशप झायमे गोन्साल्विस यांच्यासारखे मंडळ्यांचे पुढारी नैरोबीला जाऊन बंडखोरांना भेटले. रोममध्ये सांत एजिदियो या ख्रिस्ती संघाच्या घरी दोन वर्षे बोलणी चालली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला.

तेवढ्यावर मंडळ्या थांबल्या नाहीत. लोकांच्या घरांत पुरलेल्या बंदुका होत्याच. १९९५ पासून बिशप सेंगुलाने यांच्या पुढाकाराने मंडळ्यांनी त्या गोळा करायला सुरुवात केली. बंदूक आणून द्या आणि कुदळ, शिवणयंत्र किंवा सायकल घेऊन जा. यशया २:४ व मीखा ४:३ वाचून घ्या. तलवारींचे फाळ कसे होतात ते मुलांना डोळ्यांपुढे दिसेल. तोडलेल्या बंदुकांपासून तेथील कलावंतांनी खुर्च्याही बनवल्या. त्यांतली एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शिक्षकांसाठी

पहिल्या रविवारी फळ्यावर नकाशा काढा: वर सावंतवाडी व दोडामार्ग, खाली पेडणे, बारदेश, डिचोली, मधून तेरेखोल व शापोरा नद्या. कोलवाळ, अस्नोडा व डिचोली येथील पुलांवर फुल्या मारा. मग मुलांना विचारा की पूल तुटल्यावर गावातल्या माणसांचे पहिल्या दिवशी काय अडले असेल. ती दूध, दवाखाना, शाळा असे सांगू लागतील. तेथून यिर्मयाकडे वळा. घरी कोणी वडीलधारे त्या काळातले असतील तर त्यांना विचारून यायला सांगा.

दुसऱ्या रविवारी वर्गाने एक मध्यस्थीची प्रार्थना लिहावी. तीत सध्या चाललेल्या एखाद्या लढाईतील दोन्ही बाजूंची नावे असावीत, आणि आपल्या गावातील एका तंट्याचेही नाव असावे, ज्यात आपली माणसे एका बाजूला आहेत. जमिनीचा बांध, पाणी, मंडळीची मिळकत, जे असेल ते. ही प्रार्थना १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या, जवळच्या रविवारी उपासनेत वाचण्याविषयी पाळकसाहेबांशी आधी बोलून ठेवा. गावच्या तंट्याचे नाव वाचू नये असे कोणी म्हटल्यास त्याच्या घरी जाऊन बसा आणि का नको ते ऐकून घ्या.

पाठांतर : मत्तय ५:९.